वर्गाध्यापनात प्रश्नांचे स्थान
(मांजरसुंबा परिसरातील एका नमुना पाठाच्या आधारे)

शिक्षकाच्या हाती असलेल्या साधनांत खडू व फळा यांच्याही आधी ज्याचा उल्लेख करावा असे साधन म्हणजे प्रश्न होय. त्यास पैसा पडत नाही, ते कपाटात कुलूपबंद ठेवावे लागत नाही आणि डोंगरातील द्विशिक्षकी शाळेतही ते शहरातील मोठ्या शाळेइतकेच उपलब्ध असते. तथापि इतक्या वेळा वापरल्या जाणाऱ्या या साधनाची धार आपण क्वचितच तपासून पाहतो. पाठाचे टाचण काढताना उद्दिष्टे, साहित्य व फलकलेखन यांचा विचार होतो. प्रश्न मात्र आयत्या वेळी सुचतील असे आपण गृहीत धरतो. आयत्या वेळी सुचणारे प्रश्न बहुधा एकाच जातीचे असतात. त्यांचे उत्तर शिक्षकास ठाऊक असते, पुस्तकात छापलेले असते आणि वर्गातील चारपाच चुणचुणीत मुलांना पाठ असते. उरलेला वर्ग ते उत्तर ऐकतो आणि पाठ पुढे सरकतो. हा उरलेला वर्ग डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत विषयाचा विचार करावयाचा आहे.

प्रश्न कशासाठी?

प्रश्नाचे तीन उपयोग सांगता येतील. पहिला परीक्षेचा : शिकविलेले कितपत लक्षात राहिले हे पाहणे. दुसरा अध्यापनाचा : मुलास एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर नेणे. तिसरा उपयोग शोधाचा आहे. मूल एखादी गोष्ट कशी समजून घेत आहे, त्याच्या मनात कोणता हिशेब चालला आहे, हे शिक्षकाने जाणून घेणे, हा तो उपयोग होय. पहिल्या उपयोगाची आपणांस सवय आहे, दुसऱ्याचा अभ्यास प्रशिक्षण काळात झालेला असतो. तिसरा मात्र बहुधा राहून जातो. वास्तविक पहिल्या दोहोंचे यश या तिसऱ्यावरच अवलंबून असते. रोगी कोठे दुखते ते सांगत असता वैद्याने त्याची नाडी न पाहता पुढच्या रोग्याकडे वळावे, तसे काहीसे वर्गात घडते.

बेंजामिन ब्लूम व त्यांचे सहकारी यांनी १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन अशा सहा पायऱ्या मानल्या होत्या; २००१ साली त्यात सुधारणा झाली. पायऱ्यांची नावे पाठ करण्यापेक्षा त्यांतील मर्म घ्यावे. ‘बिंदुसरा नदी कोणत्या शहरातून वाहते?’ हा स्मरणाचा प्रश्न आहे. ‘ती नदी उन्हाळ्यात कोरडी का पडते?’ यास आकलन लागते. ‘तिचे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकावे म्हणून डोंगरावर काय करता येईल?’ यास विचार, कल्पना व निर्णय या तिन्ही गोष्टी लागतात. पहिला प्रश्न निरुपयोगी नव्हे, पण पाठ तेथेच थांबला तर मुलाची फक्त स्मरणशक्ती शाळेत आली आणि बाकीचे मूल घरी राहिले असे म्हणावे लागेल.

आपली परंपरा

प्रश्नाने शिकविणे ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याच्या मार्गांत ‘परिप्रश्न’ हा शब्द आला आहे आणि सबंध ज्ञानेश्वरी अर्जुनाच्या शंकांच्या आधाराने उलगडत जाते. अंबाजोगाईस ज्यांची समाधी दाखवितात त्या मुकुंदराजांच्या विवेकसिंधूची मांडणीही गुरुशिष्यसंवादाची आहे.

गणिताच्या शिक्षकास याहून जवळचा दाखला भास्कराचार्यांचा. त्यांच्या इ. स. ११५० मधील सिद्धान्तशिरोमणीचा ‘लीलावती’ हा भाग आहे. तीत नियमामागून उदाहरण येते आणि ते पुष्कळदा एखाद्या मुलीस वा मित्रास केलेल्या पृच्छेच्या रूपाने येते. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येत आहे. मोर त्याच्यावर झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर तोडले, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल? उत्तर बारा हात. येथे सूत्र म्हणून दाखविण्यास सांगितलेले नाही. एक प्रसंग डोळ्यांपुढे उभा केला आहे आणि विचार करण्याचे काम विद्यार्थ्याकडे सोपविले आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा तेराव्या शतकारंभीचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. आपल्याच प्रदेशात आठशे वर्षांपूर्वी अशा प्रश्नांवर विद्यार्थी शिकत होते, ही गोष्ट आपण विसरू नये.

आपल्या काही सवयी

आपल्या वर्गांत प्रश्नांची धार बोथट करणाऱ्या काही सवयी रूढ झाल्या आहेत. त्या ओळखणे हीच सुधारणेची सुरुवात होय.

पहिली सवय अर्धे वाक्य टांगून ठेवण्याची. ‘बिंदुसरा नदी सिंदफणेला मि…?’ असे शिक्षक म्हणतो आणि वर्ग एका सुरात ‘ळते!’ असे ओरडतो. या ओरडण्यात उत्साह दिसतो. परंतु ज्या मुलास सिंदफणा ही नदी आहे की गाव हे ठाऊक नाही, तेही तितक्याच मोठ्याने ‘ळते’ म्हणू शकते.

दुसरी सवय ‘समजले का?’ असे विचारण्याची. यास ‘होऽऽ’ याखेरीज दुसरे उत्तर मिळाल्याचे कोणास आठवते काय? न समजलेल्या मुलाने चाळीस मुलांदेखत ‘नाही’ म्हणावे ही अपेक्षाच अवाजवी आहे. त्यापेक्षा ‘हे तुझ्या लहान भावाला कसे सांगशील?’ असे विचारले, तर समजले की नाही ते आपोआप उघड होते.

तिसरी सवय प्रश्नाआधी नाव उच्चारण्याची. नाव ऐकताच उरलेला वर्ग विचार करणे सोडतो. प्रश्न सर्वांना विचारावा, थांबावे आणि मग नाव घ्यावे. नेहमी वर होणाऱ्या हातांकडेच जाण्याचा मोह टाळण्यासाठी सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवून त्यांतून एक उचलावी. मागील रांगेतील मुले व न बोलणाऱ्या मुली यांच्यापर्यंत प्रश्न पोहोचविण्याचा हा सोपा उपाय आहे.

चौथी सवय मुलाचे उत्तर स्वतः पुन्हा मोठ्याने उच्चारण्याची. त्यामुळे मुले एकमेकांचे ऐकेनाशी होतात; गुरुजी परत सांगणारच आहेत हे त्यांना माहीत असते.

थांबणे

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात आणि तेवढ्यात उत्तर न आल्यास प्रश्न दुसऱ्यास विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात, असे त्यांना आढळले. हीच विश्रांती तीन सेकंद किंवा अधिक केली असता मुलांची उत्तरे लांबली, अधिक मुले बोलू लागली, ‘माहीत नाही’ म्हणणारी कमी झाली आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागली. १९७०च्या दशकात प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष आपल्या वर्गात पडताळून पाहण्यास कोणत्याही साहित्याची गरज नाही. प्रश्न विचारावा आणि मनातल्या मनात एक ते पाच अंक सावकाश मोजावेत. प्रारंभी ही शांतता शिक्षकासच जड जाते. मुलास ती जड जात नाही. ते त्या वेळी काम करीत असते.

उत्तर आल्यानंतरही असेच थांबावे. ‘आणखी?’ एवढाच शब्द उच्चारून किंवा तोही न उच्चारता वाट पाहिली, तर एका शब्दाचे उत्तर पुष्कळदा वाक्याचे होते. बहुवर्ग शाळेत तर ही विश्रांती आपोआप साधता येते. चौथीस एक प्रश्न देऊन शिक्षकाने दुसरीचे वाचन घेण्यास जावे. तो परत येईपर्यंत मुलांनी जोडीजोडीने बोलावे. जी परिस्थिती आपण अडचण मानतो तीच येथे उपयोगी पडते.

नमुना पाठ : आपल्या डोंगराचे पाणी कोठे जाते?

इयत्ता चौथी. विषय : परिसर अभ्यास. साहित्य : मातीचा एक ढीग, दोन तांबे पाणी, जिल्ह्याचा व राज्याचा नकाशा.

मांजरसुंबा हे बालाघाटच्या डोंगररांगेतील घाटमाथ्याचे गाव. धुळे–सोलापूर महामार्गावर बीडकडे जाताना येथून घाट उतरावा लागतो. हा उतार मुलांच्या नित्य परिचयाचा आहे. पाठाची सुरुवात त्यांच्या या अनुभवावरूनच करावी.

पहिला प्रश्न : ‘मागच्या मोठ्या पावसात तुमच्या अंगणातले पाणी कोणीकडे वाहत गेले?’ प्रत्येक मुलाचे उत्तर निराळे येईल आणि यांतील एकही चूक नसेल. ज्याने आजवर हात वर केला नाही असे मूलही येथे बोलू शकते, कारण त्याच्या अंगणाविषयी त्याच्याइतके दुसऱ्या कोणासही ठाऊक नाही. एखादे मूल म्हणेल, ‘पाणी जमिनीत मुरले.’ शिक्षकाने त्यास बाजूस सारू नये. ‘सगळे मुरले की काही वाहिले? ते कशावरून समजले?’ असे विचारावे.

दुसरा प्रश्न : ‘बीडला जाताना गाडी कोठे उतरू लागते? केजकडे किंवा पाटोद्याकडे जाताना तशीच उतरते का?’ येथे मुलांत मतभेद होतील. ते होऊ द्यावेत.

तिसरा प्रश्न मातीच्या ढिगाभोवती उभे राहून विचारावा : ‘माथ्यावर पाणी ओतले तर ते कोणीकडे जाईल? आधी सांगा, मग ओतू.’ आधी अंदाज व मग प्रयोग हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्याने अंदाज बांधला आहे तेच मूल पाण्याकडे खऱ्या अर्थाने पाहते.

यानंतर शिक्षकाने माहिती स्वतः सांगावी. नद्यांची नावे प्रश्नांनी काढून घेता येत नाहीत. ती सांगावीच लागतात. जे मुलास ठाऊक असणे शक्यच नाही ते त्यास पुन:पुन्हा विचारणे म्हणजे अध्यापन नव्हे. घाटाच्या उत्तरेकडे उतरलेले पाणी बिंदुसरेस मिळते. बिंदुसरा बीड शहरातून वाहत जाऊन सिंदफणेस मिळते आणि सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीस मिळते. डोंगराच्या दक्षिण अंगाचे पाणी मांजरेकडे जाते. मांजरेचा उगम आपल्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातील डोंगरात आहे. धनेगावच्या धरणात अडून ती पुढे लातूर व बिदर जिल्ह्यांतून तेलंगणात जाते. कोणत्या वस्तीचे पाणी कोणत्या ओढ्यास मिळते हे मात्र शिक्षकाने पाठाआधी स्वतः फिरून पाहावे.

चौथा प्रश्न पाठाचा गाभा होय : ‘एकाच ढगातून दोन थेंब पडले, एक घाटाच्या अलीकडे, एक पलीकडे. त्यांची पुन्हा गाठ पडेल काय?’ बहुतेक मुले ‘नाही’ म्हणतील. त्यांना नकाशावर बोटाने दोन्ही वाटा धरू द्याव्यात. एक बोट मंजरथजवळ गोदावरीत उतरून नांदेडवरून पुढे सरकेल. दुसरे लातूर, बिदर करीत मोठे वळण घेईल. आणि तेलंगणातील कंदकुर्तीजवळ मांजरा गोदावरीस मिळते तेथे दोन्ही बोटे एकमेकांस लागतील. हे उत्तर शिक्षकाने आधी सांगून टाकले तर मुलाच्या हक्काचा आनंद हिरावून घेतल्यासारखे होईल.

पाचवा प्रश्न उपयोजनाचा : ‘एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, कारण धनेगावच्या धरणात पाणी उरले नव्हते. या गोष्टीचा आपल्या डोंगराशी काही संबंध आहे काय?’ कोणी पाऊस कमी झाला म्हणेल, कोणी ऊस, कोणी विंधन विहिरी, कोणी बोडके झालेले डोंगर यांकडे बोट दाखवील. या प्रश्नास एकच उत्तर नाही. सर्व उत्तरे फळ्यावर लिहावीत आणि ‘यांतील कोणते खरे हे कोणास विचारून पाहता येईल?’ असे म्हणून पाठ थांबवावा. घरातील वडीलधाऱ्यांशी त्या संध्याकाळी होणारे बोलणे हाच त्या दिवसाचा स्वाध्याय.

चुकलेले उत्तर

आता जे लिहावयाचे ते प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या चुकीविषयी आहे.

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुले गावी आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. काहींना आईबापांबरोबर फडावर जावेच लागते. असाच एक मुलगा मार्चअखेर वर्गात परत आला होता. वजाबाकीचे उदाहरण घातले : ५२ वजा ३८. त्याने २६ लिहिले. ‘चूक. पुन्हा कर,’ असे म्हणून मी पुढे गेलो. मुलाने पाटी पुसली आणि ती कोरीच ठेवली. दुसऱ्या दिवशीही ती कोरीच होती.

मधल्या सुट्टीत तो इतर मुलांना फडावरच्या गोष्टी सांगत होता. संध्याकाळी आई उसाचे वाढे विकावयास बसे आणि पेंढ्यांचा हिशेब याच्याकडे असे. मी सहज विचारले, ‘बावन्न पेंढ्या होत्या आणि अडतीस विकल्या, तर किती राहिल्या रे?’ तो क्षणभरही न थांबता म्हणाला, ‘चौदा.’ ‘कसे काढलेस?’ ‘अडतीसला दोन घातले की चाळीस, अन् पुढं बारा. चौदा राहिल्या, गुरुजी.’

मुलास वजाबाकी येत होती. किंबहुना पाटीवरील रीतीहून सरस रीतीने येत होती. पाटीवर त्याने एककाच्या घरात आठातून दोन वजा केले होते, कारण दोनातून आठ जात नाहीत आणि हातचा कसा घ्यावयाचा तो धडा झाला तेव्हा तो फडावर होता. ‘हे कसे केलेस?’ हा एक प्रश्न मी आदल्या दिवशी विचारला असता, तर चूक कोठे आहे हे अर्ध्या मिनिटात कळले असते. ‘शिल्लक सव्वीस आणि विकलेल्या अडतीस मिळून किती होतात?’ असा दुसरा प्रश्न विचारला असता, तर चौसष्ट हे उत्तर पाहून त्याचे त्यालाच हसू आले असते. मी ‘चूक’ म्हणालो आणि एक पाटी दोन दिवस कोरी राहिली. असे दोन दिवस वाढत गेले म्हणजे मूल शाळेच्या वाटेवरून कसे नाहीसे होते, हे आपणां सर्वांस माहीत आहे.

तेव्हापासून एक नियम पाळीत आलो आहे. उत्तर बरोबर असो वा चूक, पुढचा प्रश्न एकच : ‘कसे केलेस ते सांग.’ केवळ चुकलेल्यासच हा प्रश्न विचारला तर तो शिक्षेसारखा वाटतो. सर्वांनाच विचारला म्हणजे ती वर्गाची रीत होते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्ये मुलास भय व चिंता यांपासून मुक्त ठेवावे आणि त्यास आपले मत मोकळेपणी मांडण्यास साहाय्य करावे, असे सांगितले आहे. या कलमाची अंमलबजावणी कोणत्याही कचेरीत होत नसून आपण मुलास विचारलेल्या प्रश्नाच्या स्वरात होत असते.

मुलांचे प्रश्न

ज्या वर्गात फक्त शिक्षकच प्रश्न विचारतो त्या वर्गाचे काम अर्धेच झाले असे समजावे. दर शनिवारी अर्धा तास मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकण्याची सोय असावी, म्हणजे लाजाळू मुलांची अडचण होणार नाही. ज्याचे उत्तर आपणांस येत नाही असा प्रश्न आला, तर ‘मलाही ठाऊक नाही, आपण मिळून शोधू’ असे म्हणण्यात कमीपणा मानू नये. शोधण्याची रीत मुले त्याच वेळी पाहतात.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत करावयाचे काम

१. प्रत्येकाने येत्या महिन्यातील एका पाठाच्या टाचणात पाच मुख्य प्रश्न आधी लिहावेत. त्यांपैकी निदान दोन असे असावेत की, ज्यांचे उत्तर पुस्तकात शब्दशः सापडणार नाही.

२. एका सहकाऱ्याने मागे बसून वर्गाचा आराखडा काढावा व ज्या मुलास प्रश्न गेला त्याच्या जागी खूण करावी. पाठ संपल्यावर कोणत्या जागा कोऱ्या राहिल्या ते दोघांनी मिळून पाहावे. मुली व मागील रांग यांची मोजणी स्वतंत्र करावी.

३. त्याच वेळी प्रत्येक प्रश्नानंतरची विश्रांती घड्याळावर मोजावी आणि एका शब्दाची उत्तरे किती व वाक्याची किती याची नोंद घ्यावी.

४. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांना फडावरील मोळ्या, पेंढ्या, वजन, अंतर व मजुरी यांविषयी विचारून त्यांच्या तोंडी हिशेबाच्या रीती लिहून आणाव्यात. परिषदेत त्यांचे एकत्रित टिपण करून ते गणिताच्या अध्यापनात वापरावे.

५. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी ज्यांची उत्तरे शाळेत सापडली नाहीत, असे प्रश्न प्रत्येक शाळेने परिषदेस घेऊन यावे.